मानधन नको, रोजी सांगा

१९३९ च्या जुलै महिन्यात पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या फाटकाशी एक नटी उपोषणाला बसली. नाव शांता आपटे. त्या वेळी देशातल्या सर्वांत गाजलेल्या गायिका-नट्यांपैकी त्या एक होत्या, आणि हे नाव त्यांना मिळालं होतं ते मुख्यतः याच कंपनीच्या सिनेमांतून. भांडण पगाराचं आणि कराराचं होतं.

जुन्या मराठी सिनेमाच्या गप्पांत ही घटना आजही चवीने सांगितली जाते. "काय बाई होती!" असं म्हणून सगळे हसतात आणि पुढच्या किश्श्याकडे वळतात. माझी तक्रार त्या हसण्याबद्दल आहे. गाणाऱ्या मुलीची नटी होते, ही गोष्ट आपण फार आवडीने सांगतो. तिच्यात आवाज असतो, रूप असतं, नशीब असतं, गुरूंचे आशीर्वाद असतात, दिग्दर्शकाची पारखी नजर असते. तिच्या कामाचा हिशेब तेवढा नसतो. ज्या दिवशी ती स्वतः हिशेब मागते, त्या दिवशी ती हट्टी ठरते, डोक्यात हवा गेलेली ठरते. ही सवय पुण्याच्या स्टुडिओबरोबर संपली नाही. ती आज आमच्या भंडारा जिल्ह्यात, मंडईच्या रात्री स्टेजवर उभ्या राहणाऱ्या पोरीपर्यंत पोचली आहे, आणि तिच्या हातातल्या मोबाइलपर्यंतही.

आधी शांताबाईंचं बघू. सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीचा जन्म. लहानपणापासून गाणं. किशोरवयात, १९३२ साली, भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर'मध्ये त्या राधा झाल्या, त्या मुख्यतः गळ्याच्या जोरावर. बोलपटाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं आणि पडद्यावर जो दिसेल त्यालाच गावं लागत होतं. मग प्रभात. १९३४ चा 'अमृतमंथन', १९३६ चा 'अमरज्योती', १९३७ चा 'कुंकू', १९३८ चा 'गोपालकृष्ण'. 'कुंकू'ने त्यांना नुसती गाणारी मुलगी राहू दिलं नाही, थोर अभिनेत्री केलं.

'कुंकू'ची गोष्ट ठाऊक नसेल तर थोडक्यात सांगतो. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा हा सिनेमा, दिग्दर्शक व्ही. शांताराम. नीरा नावाच्या तरुण मुलीला फसवून एका म्हाताऱ्या विधुराशी लग्न लावून दिलं जातं. नीरा ते लग्न मानत नाही. रडत बसत नाही, पळून जात नाही, त्याच घरात राहून नकार देते. सौदा तिला न विचारता झालेला आहे, म्हणून तो तिच्यावर बंधनकारक नाही, एवढंच तिचं म्हणणं. तो नकार शांताबाईंनी असा उभा केला की आजही सिनेमाचे अभ्यासक तो धडा म्हणून शिकवतात.

'कुंकू'नंतर दोनच वर्षांनी तीच बाई स्वतःच्या कराराबद्दल नकार देते, आणि त्याचा धडा होत नाही, किस्सा होतो. नीरा नाही म्हणाली तर टाळ्या, शांता आपटे नाही म्हणाल्या तर "काय बाई होती!" पडद्यावर बाईने अन्यायाविरुद्ध उभं राहावं हे आपल्याला आवडतं, कारण त्याची किंमत कुणालाच मोजावी लागत नाही. फाटकाशी बसलेल्या बाईला मात्र कुणीतरी पैसे द्यायचे असतात.

उपोषणानंतर वर्षभरात, १९४० साली, शांताबाईंनी पुस्तक लिहिलं, 'जाऊ मी सिनेमात?'. शीर्षकातला प्रश्न नीट वाचा. "मला घेतील का?" असा तो नाही. जावं का, असा आहे. सिनेमाच्या झगमगाटाकडे बघणाऱ्यांना त्यांनी या धंद्याची दुसरी बाजू सांगितली. पैसा कुणाचा, मालकी कुणाची, आणि त्यात काम करणाऱ्याचं शरीर कसं झिजतं. कलावंत म्हणून मिरवायच्या वयात त्यांनी स्वतःकडे काम करणारी म्हणून पाहिलं. त्यांच्या गाण्यांची आठवण आपण ठेवली, या पुस्तकाची ठेवली नाही. किती सोयीचं आहे बघा.

आता त्या कामाचा हिशेब मांडू. तेव्हाची गाणारी नटी दोन माणसांचं काम करत होती, गाण्याचं आणि अभिनयाचं. शिवाय प्रभात अनेक सिनेमे मराठीत आणि हिंदीत असे दोनदा करत असे. 'कुंकू'चाच हिंदी 'दुनिया न माने' झाला आणि दोन्हींत नायिका शांताबाईच. म्हणजे तोच प्रसंग, तोच संताप, तीच रडारड दुसऱ्या भाषेत पुन्हा. 'कुंकू'त तर त्यांनी लाँगफेलोची इंग्रजी कविताही गायली आहे. याला आपण प्रतिभा म्हणतो. ती आहेच. पण तो कामाचा भारही आहे, आणि भार मोजता येतो.

पुढे पार्श्वगायन रुळलं आणि ही दोन कामं दोन बायकांत वाटली गेली. चेहरा एकीचा, आवाज दुसरीचा. वाटेल की आता तरी दोघींना आपापला न्याय मिळाला असेल. १९४९ साली 'महल' आला. त्यातलं गाणं देशभर वाजलं, पण सुरुवातीच्या तबकडीवर गाणारीचं नाव नव्हतं, सिनेमातल्या पात्राचं नाव होतं, 'कामिनी'. तो आवाज लता मंगेशकरांचा. वडील गेले तेव्हा त्या अवघ्या १२ वर्षांच्या होत्या आणि घर चालवण्यासाठी त्यांना आधी सिनेमात तोंडाला रंग लावून कामं करावी लागली होती. पुढे त्या रॉयल्टीसाठी भांडल्या, तेव्हा त्यांनाही ऐकावं लागलंच.

गाणाऱ्याचा आणि नटाचा स्वतःच्या सादरीकरणावर हक्क असतो, हे आपल्या कॉपीराइट कायद्यात आलं १९९४ साली. सिनेमातल्या सादरीकरणाचा पुढे धंदा झाला तर त्यात रॉयल्टीचा वाटा मिळण्याची तरतूद आली २०१२ साली. प्रभातच्या फाटकापासून मोजा, ७३ वर्षं. शांताबाई तर १९६४ सालीच गेल्या.

"हे सगळं मुंबई-पुण्याचं, आमचा काय संबंध?" असं भंडाऱ्यातल्या कुणाला वाटेल. संबंध सर्वांत जास्त आमचाच आहे. गाणारी आणि अभिनय करणारी बाई एकाच देहात अजून जिथे रोज रात्री कामाला उभी राहते, अशा महाराष्ट्रातल्या मोजक्या जागांपैकी आमची एक आहे.

बाहेरच्या वाचकांसाठी: भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. दिवाळी झाली, धान कापला गेला की गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे, जत्रा. दंडार, खडी गंमत, कुठे शंकरपट, आणि रात्री नाटक. रात्री दहाच्या सुमारास पडदा वर जातो आणि पहाटेपर्यंत चालतं. हा हंगाम होळीपर्यंत टिकतो. लाखांदूरहून पुढे गेलं की वडसा. झाडीपट्टीतल्या नाटक कंपन्यांचं मुख्य ठाणं तेच, बुकिंग तिथूनच होतं. साथीला जिवंत वाद्यं असतात. समोर हजारो माणसं जमिनीवर बसलेली, थंडी अशी की शाल सुटत नाही. इथे मागून रेकॉर्ड लावून ओठ हलवणं चालत नाही. नटीला गाता आलंच पाहिजे, घसा बसला असला तरी. आज सडक अर्जुनीला, उद्या पवनीला, परवा नदीपलीकडे.

शांताबाईंच्या काळातलं ते दुहेरी काम आमच्याकडे अजून जसंच्या तसं चालू आहे. आणि त्याबद्दल बोलायचे शब्दही तेच आहेत. 'संधी मिळाली.' 'कलेची सेवा.' 'मानधन.'

या मानधन शब्दाकडे जरा बघा. मान आणि धन. मान पुढे ठेवला की धनाबद्दल विचारायला जीभ रेटत नाही. सत्काराला पाहुणा आला, नारळ-शाल दिली, पाकीट दिलं, ते मानधन. ते मोजून घ्यायचं नसतं. पण पाच महिने रात्र-रात्र उभं राहून जी बाई घर चालवते, तिला मिळतं ते मानधन कसं? ती मजुरी आहे. आमच्या बोलीत सरळ शब्द आहे, रोजी.

आणि रोजीचा हिशेब आमच्या बायकांना शिकवायला नको. भंडारा जिल्ह्यात घराघरांत बिड्या वळल्या गेल्या. हजार बिड्यांमागे किती, हे वळणाऱ्या प्रत्येक बाईला पाठ असतं. ठेकेदाराने खराब म्हणून किती बिड्या बाजूला काढल्या आणि त्यातल्या किती खरंच खराब होत्या, हेही तिला कळतं. बिडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला तो त्या हिशेबाला धरून केलेल्या भांडणांमुळे. रोवणीच्या दिवसांत चिखलात उतरायच्या आधी बायका बांधावर उभ्या राहून ठरवतात, रोजीने की गुत्त्याने. ठरल्याशिवाय धानाचा एक पऱ्हा जमिनीत जात नाही. त्यांना कुणी हट्टी म्हणत नाही. म्हटलं तरी त्या मनावर घेत नाहीत.

मग त्याच घरातली पोरगी गायला लागली की हा शहाणपणा कुठे जातो? आई हजारी दराने बोलते आणि लेक "जे द्यायचं ते द्या" म्हणते. का? कारण तिला सांगितलं गेलेलं असतं की हे काम नाही, हे भाग्य आहे. कामाचा दर असतो, भाग्याचा नसतो.

हंगामात एकदा विचारून पाहा. तुमच्या ओळखीत कुणी पोरगी नाटकात, ऑर्केस्ट्रात, भजन मंडळात किंवा यूट्यूबच्या गाण्यांत गात असेल, तर तिला तीन प्रश्न विचारा. रात्रीचे किती ठरले? लिहून कुठे आहे? प्रयोग रद्द झाला तर काय? या तिन्हींची उत्तरं जिच्याकडे कागदावर असतील, तिच्यापुढे हा लेख खोटा. तसं झालं तर मला आनंदच होईल.

आता तुमच्या मोबाइलकडे येऊ. आमच्या पिढीने गाणाऱ्या मुलीची नटी होताना टीव्हीवर पाहिलं. २००८-०९ च्या मराठी 'लिटिल चॅम्प्स'मधली आर्या आंबेकर २०१७ साली 'ती सध्या काय करते'ची नायिका झाली. गाणारी केतकी माटेगावकर 'शाळा' आणि 'टाइमपास'मध्ये दिसली. दोघींचाही जन्म नागपूरचा, म्हणजे आमच्यापासून तासा-दीड तासावर. दोघींच्या गुणांबद्दल शंका नाही. मुद्दा वेगळा आहे. अशा एक-दोन गोष्टी हजारो घरांत पोचतात आणि तुमसर-साकोलीतल्या हजारो पोरींना वाटतं की रांग लागली आहे, आपण फक्त उभं राहायचं. त्या रांगेत गाणं फुकट द्यावं लागतं. आधी फुकट, मग 'एक्स्पोजर'साठी, मग ओळखीसाठी. रील व्हायरल होतं, चॅनल चालवणाऱ्याला जाहिरातीचे पैसे येतात, पोरीच्या वाट्याला हार्ट येतात.

अमेरिकेत ही गोष्ट फार आधी उघडी पडली. जॅकी कूगन हा चार्ली चॅप्लिनबरोबर गाजलेला बालनट. मोठा झाल्यावर त्याला कळलं की त्याने लहानपणी मिळवलेला जवळजवळ सगळा पैसा आई आणि सावत्र वडिलांनी उडवला आहे. तो कोर्टात गेला. त्यातून कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईतला काही भाग राखून ठेवण्याचा कायदा झाला. साल १९३९. शांताबाई फाटकाशी बसल्या तेच साल.

आपल्याकडे अशी अट आली २०१७ साली. १४ वर्षांखालचं मूल सिनेमा, मालिका किंवा व्यावसायिक कार्यक्रमात काम करणार असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, आणि कमाईचा किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्या मुलाच्या नावाने मुदत ठेवीत टाकावा लागतो. चांगला नियम आहे. पण मुदत ठेवीची ही अट १४ वर्षांखालच्यांपुरती. गाणाऱ्या मुलीला स्टेजवर, कॅमेऱ्यापुढे बोलावणं येतं ते बहुधा पंधरा, सोळा, सतरा या वयात. तेव्हा तिची सही कराराला चालत नाही, कारण कायद्याने ती अज्ञान. सही बापाची, पैसे बापाच्या खात्यात, आणि रात्र तिची.

आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. नाटक किंवा कार्यक्रम कुणी चित्रित करून यूट्यूबवर टाकला, तर गाणाऱ्या-नाचणाऱ्या-अभिनय करणाऱ्याच्या संमतीचा प्रश्न येतो. आपलं सादरीकरण कुणी चित्रित करावं, लोकांपुढे न्यावं, हा तिचा हक्क आहे, आणि तो ५० वर्षं टिकतो. तिने एका रात्रीची रोजी घेतली म्हणजे ५० वर्षांची रात्र विकली असं होत नाही. तिने लिहून दिलं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणूनच कागद वाचून सही करायची असते.

आता ठरलेले आक्षेप येतील. पहिला: "कलेचं मोल पैशात होत नाही." खरं आहे. मग मंडपवाल्याला, लाइटवाल्याला, साउंडवाल्यालाही तेच सांगा. तो इसार घेतल्याशिवाय बांबू रोवत नाही. फुकट राबायची वेळ आली की कला फक्त गाणारीच्याच गळ्यात का येते?

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. "कंपनीचं काय घेऊन बसलात? अवकाळी पाऊस आला, नाटक पडलं, निर्माता कर्जात गेला." हे होतं. झाडीपट्टी सरकारी अनुदानावर उभी राहिलेली नाही, लोकांच्या तिकिटावर उभी आहे, आणि तिथले निर्माते कुणी धनदांडगे नव्हेत. म्हणून तर लिहून ठेवायला हवं. पाऊस आला तर कुणी किती सोसायचं हे आधी ठरलं नाही, की ते सगळं सर्वांत कमजोर माणसाच्या अंगावर पडतं. तोटा वाटून घ्यायचा असेल तर हाउसफुल्ल रात्रीचा नफाही वाटून घ्या. कागद निर्मात्याच्या विरोधात नसतो. चार कलाकार ऐनवेळी दुसऱ्या कंपनीत पळाले, की तोच कागद निर्मात्याला आठवतो.

तिसरा आक्षेप कुजबुजीतला. "पैशाचं बोलणारी पोरगी चांगल्या घरची वाटत नाही." हा सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत घाणेरडा. लावणी-तमाशातल्या बायकांना तो पिढ्यान्‌पिढ्या ऐकवला गेला. नाटकात हिरोईन आणि डान्सर अशी जी उतरंड लावतात, तिच्या मुळाशी तोच आहे. 'चांगल्या घरची' म्हणजे पैसे न मागणारी, आणि जी मागते तिची इज्जत काढायची. या एका वाक्याने जेवढी रोजी बुडवली असेल, तेवढी अवकाळी पावसाने बुडवली नसेल.

तेव्हा मागणी साधी आहे. एक पानाचा कागद, मराठीत. त्यावर रात्रीचा दर, प्रवास आणि मुक्कामाचा खर्च कुणाचा, रद्द झाल्यास किती, चित्रीकरण होणार का आणि झालं तर त्याचे वेगळे किती, पैसे कोणत्या खात्यात आणि कोणत्या तारखेपर्यंत. मुलगी अठराच्या आतली असेल तर पालकाची सही, पण खातं तिच्या नावाचं. यासाठी वकील लागत नाही. बचत गटाचं रजिस्टर लिहिणारी कोणतीही बाई हा कागद तयार करू शकते.

आणि आपण प्रेक्षकांनी दोन गोष्टी करायच्या. गाण्याची क्लिप पुढे पाठवताना गाणारीचं नाव लिहायचं. 'झाडीपट्टीची कोकिळा' किंवा 'व्हायरल गर्ल' नको, तिचं नाव. तबकडीवर 'कामिनी' छापणाऱ्यांत आणि आपल्यात तेवढा तरी फरक असू द्या. दुसरी गोष्ट, एखादी पोरगी पैशावरून कार्यक्रम सोडून गेली असं कानावर आलं, तर "हवा गेली डोक्यात" म्हणायच्या आधी विचारायचं, ठरलं किती होतं आणि दिलं किती?

पुढच्या मंडईत एखादीचं पद आवडलं तर वन्स मोअर जरूर द्या. हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवा, ती पुन्हा गाईल. मग प्रयोग संपल्यावर मंडळाच्या माणसाला गाठून विचारा: भाऊ, ती दोनदा गायली, रोजी एकदाचीच दिली का?